कटर सुरू करण्याआधी कानस

3 जून 2020 ला दुपारी निसर्ग वादळ येऊन गेलं आणि संध्याकाळी आमच्या दापोली तालुक्यातल्या किनाऱ्याच्या गावांत रस्ता कुठला नि वाडी कुठली तेच कळेना. सुपाऱ्या एकमेकींवर आडव्या पडलेल्या, माड मध्येच मोडलेले, आणि शंभर पावसाळे पाहिलेले आंबे मुळांसकट उपटून कुणाच्या पडवीत, कुणाच्या गोठ्यावर. मी तेव्हा लॉकडाऊनमुळे मुंबईची नोकरी सोडून घरी बसलेला. काकांनी कुठून तरी 18 इंची पात्याचं पेट्रोलचं कटर पैदा केलं आणि खोका माझ्यासमोर ठेवला. 'तू आयटीआय केलंयस ना, मग चालव.'

चेनसॉ हा शब्द आमच्याकडे दुकानदार सोडला तर कुणी वापरत नाही. कटर म्हणतात, नाहीतर नुसतं मशीन. वीज नाही, मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे व्हिडिओ बघून शिकायची सोयच नव्हती. पुस्तिकेतली चित्रं बघितली, दोरी ओढली, आणि आठवडाभरात मी स्वतःला तयार गडी समजायला लागलो. आता या कामात काही वर्षं काढल्यावर नवीन पोरं विचारायला येतात, 'दादा, कुठलं मशीन घेऊ?' मशीनचं नंतर बघू. आधी माझं नवव्या दिवशी काय झालं ते ऐका.

एका घरामागे फणस आडवा पडला होता आणि मी त्याच्या फांद्या छाटत होतो. चेन बोथट झाली होती, पण ते मला समजत नव्हतं. मला वाटत होतं, फणसाचं लाकूड चिवट आहे. म्हणून मशीनवर भार देऊन रेटत होतो. पात्याचं टोक पलीकडच्या पानांत शिरलं आणि तिथल्या एका न दिसलेल्या फांदीला लागलं. पुढचं काही मी केलं नाही, आपोआप झालं. मशीन उसळून सरळ कपाळाकडे आलं, पुढचा हँडगार्ड माझ्या डाव्या मनगटावर आपटला, ब्रेक लागला आणि चेन थांबली. चेहऱ्यापासून वीतभर. डोक्याला हेल्मेट नव्हतं, टॉवेल गुंडाळलेला होता.

याला किकबॅक म्हणतात. पात्याच्या टोकाचा वरचा पाव भाग हा त्याचा मालक. तिथे चेन वळण घेत असते. त्या भागाला लाकूड लागलं की दाता कापायच्या ऐवजी अडकतो आणि इंजिनाचा सगळा जोर पातं वर आणि मागे फेकण्यात जातो. पूर्ण रेसवर चेन सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावते. तेवढ्या वेळात माणूस काही ठरवत नाही. ठरवायचं ते आधी: डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांड्याखालून पूर्ण वळवून घट्ट, तुम्ही डावखुरे असलात तरीही डावा हात पुढेच. उभं राहायचं पात्याच्या रेषेत नाही, जरा डावीकडे. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही, शिडीवर चढून तर नाहीच. आणि रोज सकाळी पहिलं काम, ब्रेक खरंच लागतो का ते बघणं. त्या दिवशी माझा लागला. ब्रेकच्या पट्ट्यात तेलकट भुसा साठून घट्ट बसला असता तर लागला नसता, आणि मी तो तोवर एकदाही साफ केला नव्हता.

मी फणसाच्या बुंध्यावर बसून होतो तेव्हा शेजारचे आप्पा आले. जुन्या काळचे करवत्ये. दोघांनी मिळून, एकाने वर उभं राहून आणि एकाने खड्ड्यात उतरून, ओंडक्यांच्या फळ्या पाडणारे. कटर त्यांनी उभ्या आयुष्यात चालवलं नव्हतं. ते खाली वाकले, माझ्या कापाखालचा भुसा चिमटीत घेतला, बोटांवर चोळला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

'हे काय आहे?'

'भुसा.'

'पीठ आहे हे. करवत कापते तेव्हा पीठ पडत नाही, सालपटं पडतात. तू कापत नव्हतास रे, घासत होतास.'

धार असलेल्या चेनखाली खोबऱ्याच्या जाडसर किसासारखे तुकडे पडतात आणि मशीन स्वतःहून लाकडात उतरतं, तुम्ही नुसतं धरायचं. पीठ पडायला लागलं, काप वाकडा जायला लागला, धूर यायला लागला की थांबायचं. बोथट चेन तुम्हाला रेटायला लावते, आणि रेटणाऱ्याचा तोल आणि पात्याचं टोक दोन्ही त्याच्या ताब्यात नसतात. या धंद्यातले निम्मे घाव बोथट चेनचे असतात, असं माझं मत आहे. आकडा माझ्याकडे नाही, जखमा बघितल्यात.

मग आप्पांनी मला कानस धरायला शिकवली. त्यांनी एका ओंडक्यात मशीननेच एक उभी चीर पाडायला लावली आणि इंजिन बंद करून पातं त्या चिरेत अडकवलं. झाला शिकंजा. माझ्या चेनला 36 दाते, अठरा डावीकडे तोंड केलेले, अठरा उजवीकडे. तिला 4.8 मिलिमीटरची गोल कानस लागते. तुमच्या चेनला कदाचित 4 किंवा 5.2 ची लागेल, चेनच्या खोक्यावर बघा, अंदाजाने घेऊ नका. पहिल्या दात्यावर मार्करने खूण करायची, नाहीतर कुठून सुरू केलं ते विसरतं. बहुतेक दात्यांच्या माथ्यावर तिरकी रेघ कोरलेली असते, साधारण 30 अंशांची. कानस त्या रेघेला समांतर. कानशीचा पाचवा भाग दात्याच्या माथ्यावर दिसला पाहिजे, बाकीची आत. आतून बाहेर ढकलायची, परत आणताना उचलायची. मागे ओढली की कानस मरते. तीन घासे, फार तर चार, प्रत्येक दात्याला मोजून तेवढेच. एक बाजू संपली की मशीन फिरवून दुसरी.

मोजून का, तर डावीकडचे दाते लांब आणि उजवीकडचे आखूड झाले की काप केळ्यासारखा वळतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याची एक बाजू नेहमीच जास्त घासली जाते, माझी अजून जाते. सगळ्यात आखूड झालेला दाता शोधायचा आणि बाकीचे त्याच्या बरोबरीला आणायचे. तीनचार वेळा धार लावून झाली की दात्यापुढचा जो छोटा उंचवटा असतो, ज्याला आम्ही रेकर म्हणतो, तो गेज म्हणजे मापाची पट्टी ठेवून सपाट कानशीने उतरवायचा. तो दात्यापेक्षा साधारण 0.65 मिलिमीटर खाली असावा लागतो. जोश येऊन जास्त उतरवलात तर दाता मोठा घास घ्यायला जाईल आणि किकबॅकला तुम्हीच आमंत्रण द्याल.

आमच्या किनाऱ्यावर धारेची खरी वैरीण वाळू. वादळात लोळलेल्या माडाच्या सालीत ती बसलेली असते. आधी तारेच्या ब्रशने खरवडा. पातं जमिनीला एकदा टेकलं की अर्धा तास कानस चालवायची. माडाचं लाकूडही फसवं आहे. आतून मऊ, पण बाहेरचा वेढा असा कडक की आंब्याला सबंध टाकी चालणारी धार माडाला अर्धी टाकी पुरत नाही.

इंधनाचं थोडक्यात सांगतो. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. माझ्या मशीनला 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर टू-टी ऑईल. काही मशीनना 25 ला 1 सांगितलेलं असतं. साधं पेट्रोल ओतून पाच मिनिटांत पिस्टन धरलेली, म्हणजे आतच अडकून बसलेली, दोन मशीनं मी बघितलीत, दोन्ही वेळा 'घाईत राहून गेलं'. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि माझ्या पुस्तिकेत 10 टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलंय. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यात आमची दमट हवा. म्हणून मी दोन दिवसांना पुरेल तेवढंच मिश्रण करतो आणि काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. पावसाळ्यात मशीन पडून राहणार असेल तर हे केलंच पाहिजे, नाहीतर दिवाळीत कार्बोरेटर मेकॅनिकच्या टेबलावर. चेनच्या तेलाची टाकी वेगळी, त्यात गाडीचं काढलेलं जळकं तेल घालू नका. ते पात्याच्या खाचेत काजळी आणि कचरा भरतं. चेनला तेल येतं का ते बघायचं तर पात्याचं टोक कापलेल्या स्वच्छ ओंडक्यासमोर धरून रेस द्या, तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे.

चेनचा ताण मशीन थंड असताना बघायचा. पात्याच्या खालच्या बाजूला लोंबू नये आणि हातमोजा घालून ओढली तर फिरावी. गरम झाली की ती सैल पडते, म्हणून आपण ताणतो, आणि तशीच ताणलेली ठेवून घरी गेलो की थंड होताना ती आकसून पातं आणि क्रँकचं बेअरिंग दोन्हीवर भार टाकते. घरी जाताना सैल करून जा. पातं आठवड्याला उलटं करा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. एअर फिल्टर रोज झटका.

सुरू करताना मशीन जमिनीवर, ब्रेक लावलेला, उजवा पाय मागच्या मुठीत, डावा हात पुढच्या दांड्यावर. एका हाताने मशीन खाली सोडत दुसऱ्याने दोरी ओढणारे बहाद्दर गावोगाव आहेत. त्यांच्या मांड्या बघायला मागा.

वादळाच्या झाडाबद्दल मात्र सावकाश बोलायला हवं, कारण उभं झाड पाडण्यापेक्षा पडलेलं झाड कापणं जास्त अवघड, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पडलेलं झाड निजलेलं नसतं, ताणलेलं असतं. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल तर त्याची वरची बाजू दबलेली आणि खालची ताणलेली. एकाच टोकाला टेकून दुसरं अधांतरी असेल तर उलट. दबलेल्या बाजूने आधी तिसरा हिस्सा कापायचा, मग ताणलेल्या बाजूने पुरा करायचा. उलटं केलंत तर ओंडका उभा चिरतो, नाहीतर पातं चिमटीत अडकतं. धनुष्यासारखी वाकलेली बारीक फांदी दिसली तर नवशिक्याने तिला हात लावू नये, ती सुटताना जबडा घेऊन जाते.

आणि मुळांचा गड्डा. आंबा उपटून पडला की मातीची एक भिंत उभी राहते आणि तिच्यामागे खड्डा. खोड मुळाजवळ कापलं की वजन सुटतं आणि ती भिंत परत खड्ड्यात बसते, दार लागावं तशी. आमच्या वाडीत त्या खड्ड्यात पोरं खेळत होती. मी खोडावर पातं टेकवलं होतं. आप्पांनी लांबून अशी शिवी हासडली की मी मशीनच बंद केलं. पोरं बाहेर काढली, मग कापलं. गड्डा मागे गेला, तेव्हा जमीन हादरली.

तारांचंही तसंच. लाईन बंद आहे असं शेजारी सांगतो. त्याच्यावर जाऊ नका, महावितरणच्या माणसाने सांगेपर्यंत तारेखालचं झाड तसंच राहू दे. वादळानंतर घरोघरी जनरेटर लागलेले असतात आणि चुकीच्या जोडणीतून करंट उलटा तारेत येतो.

उभ्या झाडाचं तंत्र इथे वाचून शिकता येणार नाही. एवढं लक्षात ठेवा की पुढची खाच व्यासाच्या पाव भागाएवढी, मागचा काप पार जाऊ न देता मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी बिजागरी शिल्लक, आणि पळायची वाट मागे तिरकी, आधीच साफ केलेली. झाडाच्या दुप्पट उंचीच्या आत दुसरं माणूस नको. पहिली पंचवीस झाडं जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहूनच.

कपड्यांवर लोक हसतात. एप्रिलच्या उकाड्यात जाड पँट घालून कोण घामाघूम होणार? पण ती नुसती जाड पँट नसते. आतले लांब धागे चेनने ओढले की स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंडाळून चेनच अडवतात. जीन्स हे करत नाही. हेल्मेट, चेहऱ्यावर जाळी, कानावर मफ, पुढे पोलादी टोप असलेले बूट. मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर, आणि माझा डावा कान त्या पहिल्या पावसाळ्यातच थोडा गेला. दुपारी बोटं बधिर वाटायला लागली की काम बदला, फांद्या ओढा, कानस घ्या.

धंदा म्हणून उतरणार असाल तर मालकाकडे परवानगीचा कागद आधी मागा. महाराष्ट्राच्या 1964 च्या झाडतोडीच्या कायद्याखाली आंबा, फणस, हिरडा, साग ही झाडं मालकाच्या स्वतःच्या जमिनीत असली तरी विचारल्याशिवाय तोडता येत नाहीत, आणि नगरपालिकेच्या हद्दीत 1975 चा वेगळा कायदा आहे. 'अरे, माझंच झाड आहे' हे वाक्य तुम्ही रोज ऐकाल. पैशाचा हिशेब मी टाकीवर करतो, दिवसावर नाही. किती टाक्या लागल्या ते मालकही मोजू शकतो, वाद कमी होतात. धार लावायचा वेळ त्यात धरलेला असतो, आणि तो का धरला हे पहिल्या वेळी समजावून सांगावं लागतं.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावातला एक मुलगा आला, कर्ज काढून मशीन घेणार म्हणाला. मी त्याला झिजलेली चेन, एक कानस आणि जुनं पातं दिलं आणि घरी जाऊन सगळे दाते सारखे करून आण म्हटलं. चार दिवसांनी आला. डावीकडचे लांब होते. परत पाठवलाय.