डायबेटिस आहे? मग हृदयाच्या नसांची ही साधी टेस्ट कशी करून घ्यायची ते वाचा

आमच्याकडे कोकणात आंबा काढणीच्या दिवसात बागेत कोणी घेरी येऊन बसला की ऊन लागलं म्हणतात, कोकम सरबत देतात आणि सावलीत बसवतात, ते बरोबरच आहे, पण त्या माणसाला दहा-बारा वर्षांची शुगर असेल तर एकदा त्याच्या नसांकडे (रक्तवाहिन्या नव्हे, निरोप नेणाऱ्या नर्व्ह) पण बघायला हवं. शुगरने पायाच्या नसा खराब होतात हे सगळ्यांना माहितीये, पण हृदयाचे ठोके कमी-जास्त करणाऱ्या नसा पण तशाच खराब होतात आणि ते फार कमी लोकांना कोणी सांगतं.

आपण श्वास आत घेतो तेव्हा ठोके थोडे जलद होतात, सोडतो तेव्हा हळू. हा फरक व्हेगस नावाची लांब नस घडवते, आणि शुगरचा मार लांब नसांवर आधी बसतो, म्हणून फरक कमी व्हायला लागला की समजायचं नसांना त्रास सुरू झालाय, कधी कधी तर काहीच जाणवत नसतं तेव्हापासून. ठोक्यांमधल्या या कमी-जास्त होण्यालाच हार्ट रेट व्हेरिएबिलिटी (एचआरव्ही) म्हणतात. स्कॉटलंडमधल्या एडिनबरोच्या डॉ. इविंग यांनी १९७० च्या दशकापासून याच्या सोप्या टेस्ट लोकांसमोर आणल्या, आणि त्यातल्या श्वासाच्या टेस्टला ईसीजी मशीन सोडून काही लागत नाही. मशीन तालुक्याच्या गावातल्या बहुतेक दवाखान्यात असतं, आपण फक्त मागायला हवं.

कोणी करून घ्यायची: टाइप २ असेल तर निदान झाल्यापासूनच, टाइप १ असेल तर ५ वर्षांनंतर. उभं राहिल्यावर अंधारी येत असेल, बसल्या जागी पण नाडी १०० च्या वर राहत असेल, तर उशीर नकोच.

आदल्या दिवसापासून: टेस्टच्या आधी चहा-कॉफी, तंबाखू, विडी काही नको. जेवून निदान दोन तास झालेले असावेत. शुगर लो झालेली असताना टेस्ट करू नका, आकडा चुकीचा येतो. बीपीच्या काही गोळ्यांनी, खासकरून बीटा ब्लॉकरने, ठोके बदलतात, म्हणून गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या, पण आपल्या मनाने एक पण गोळी बंद करू नका.

टेस्ट: थोडा वेळ शांत पडून राहायचं, मग ईसीजी चालू ठेवून एका मिनिटात सहाच श्वास घ्यायचे, म्हणजे ५ सेकंद आत, ५ सेकंद बाहेर. शेजारी कोणीतरी मोठ्याने मोजलं तर बरं पडतं, कारण वेग चुकला की सगळं चुकलं. गप्पा नकोत, खोकायचं नाही.

आकडा कसा काढायचा: कागद नेहमीच्या २५ मिलिमीटर प्रति सेकंद वेगाने चाललेला असेल तर दोन उंच टोकांमधले लहान चौकोन मोजा आणि १५०० ला त्या संख्येने भागा, आला मिनिटाच्या ठोक्यांचा आकडा. समजा श्वास आत घेताना सगळ्यात कमी अंतर १८ चौकोन, म्हणजे साधारण ८३, आणि सोडताना सगळ्यात जास्त २१, म्हणजे ७१, तर फरक १२. असा सहाही श्वासांचा फरक काढून सरासरी घ्यायची. १५ किंवा जास्त असेल तर चांगलं, ११ ते १४ काठावरचं, १० किंवा कमी असेल तर गडबड. पण वय वाढलं की हा फरक आपोआप कमी होतो, त्यामुळे सत्तरीच्या आजोबांचा ९ आणि तिशीतल्या पोराचा ९ सारखा धरू नका, हे डॉक्टरांना नक्की विचारा. ठोके मुळातच अनियमित असतील तर ही टेस्ट उपयोगाची नाही.

त्याच वेळी बीपीची टेस्ट पण करून घ्या. पडून मोजायचं, मग उभं राहून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर लक्ष द्यायला हवं. जोराने फुंकून करायची एक टेस्ट पण असते, पण डोळ्याच्या पडद्यावर शुगरचा गंभीर परिणाम झाला असेल तर ती टाळायची.

एका टेस्टवर शिक्का मारत नाहीत, दोन बिघडल्या तर निदान पक्कं धरतात. आणि हातातल्या स्मार्टवॉचच्या एचआरव्हीवरून तर अजिबात ठरवू नका, त्यात झोप, ताप, ताण, दारू सगळंच मिसळतं.

गडबड निघाली तर काय? शुगर आणि बीपी नीट ठेवणं हाच पाया. अंथरुणातून उठताना आधी काठावर बसा, मग उभे राहा, आणि गरम पाण्याची लांब आंघोळ नको. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अशा माणसाला हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही, नुसता दम लागणं, घाम, मळमळ एवढंच होऊ शकतं, तेव्हा ॲसिडिटी म्हणून सोडा पिऊन घरी थांबू नका, लगेच १०८ ला फोन लावा.

टेस्ट दरवर्षी करा आणि जुनी पट्टी नव्या पट्टीशेजारी ठेवून बघायला सांगा. ईसीजीचा कागद थर्मल असतो, उष्णतेने आणि काळाने फिका पडतो, म्हणून त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढा आणि खाली तारीख, त्या दिवशीची शुगर आणि चालू गोळ्या लिहून ठेवा.