कॅन्सर सर्जरीनंतर जीभ-गालाची सोनोग्राफी: नवीन स्पीच थेरपिस्टसाठी थोडं अनुभवाचं

कमांडो (गाठ, जबडा आणि मानेच्या गाठी एकत्र काढण्याचं ऑपरेशन), पीएमएमसी (छातीचा स्नायू-कातडीचा तुकडा, म्हणजे फ्लॅप, तोंडात लावणं), रेडिएशन हे शब्द तुम्हाला नवीन नाहीत, म्हणून थेट कामाचं बोलते. आधी कायदा. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदान रोखणारा सोनोग्राफीचा कायदा, १९९४ चा आहे आणि आपण बघणार जीभ, तरी मशीनची नोंदणी, जागा वगैरे नियम आहेतच. प्रोब (कातडीवर टेकवायचा मशीनचा भाग) रेडिओलॉजिस्टच्या हातात, आपण बाजूला उभं राहून "गिळा काका", "दात आवळा" करून घ्यायचं. "पोर्टेबल आहे, ने की वॉर्डात" म्हणणाऱ्या सीनियरचं ऐकू नका, खरंच नका.

आता जिने माझं डोकं सगळ्यात जास्त खाल्लं ती गोष्ट, प्रोबचा दाब. मॅसेटर (गालातला चावण्याचा स्नायू) कातडीच्या इतका जवळ असतो की प्रोब जरा जोरात टेकला तरी तो चपटा होतो, जाडी कमी येते, आणि आपण शोधत असतो तो फरकच मुळात एक-दोन मिलिमीटरचा, मग स्नायू सुकला की हात जड पडला हे कळणार कसं? जेल भरपूर घ्यायला सांगा, स्क्रीनवर प्रोब आणि कातडीच्या मध्ये काळी पट्टी दिसलीच पाहिजे, ती गेली की माप फुकट, पुन्हा घ्या. रेडिएशननंतर हनुवटीखाली सूज असते, तिथे तर अजूनच जपून. आणि दुसरी बाजू नॉर्मल धरून तुलना करू नका, रेडिएशन तिलाही बसलेलं असू शकतं, शिवाय एका बाजूचा जबडा काढला असेल तर सगळं चावणं या दुसऱ्या बाजूवरच.

सुरुवातीला सगळं राखाडी चिखल दिसतं, घाबरू नका, सगळ्यांनाच दिसतं. जबड्याची आणि हायॉइडची (गळ्यातलं छोटं हाड) काळी सावली शोधा, जिनिओहायॉइड (गिळताना हायॉइड पुढे ओढणारा स्नायू) त्या दोघांच्या मध्येच सापडतो. वीकेंड वर्कशॉपच्या सर्टिफिकेटपेक्षा कलीगच्या हनुवटीवर बघितलेलं जास्त कामाला येतं, आणि मोठ्या नावाच्या सरांपेक्षा "परत दाखव ना" म्हटल्यावर न चिडणारा रेसिडेंट बरा.

अर्धी जीभ काढून फ्लॅप लावलेल्या पेशंटला "का-का-का" म्हणायला लावा. फ्लॅपची चरबी पांढरट चमकते, ती हलते तेव्हा आपण खूश होतो, पण नीट बघा, उरलेली जीभ तिला नुसती ओढून नेत असते, फ्लॅप स्वतः आकसत नाही. रिपोर्टमध्ये "जीभ हलते" एवढंच लिहू नका, कुठला भाग ते लिहा, पेशंट बसलेला की झोपलेला तेही लिहा.

सर्जन मात्र विचारणार, "भात सुरू करू का?" त्याचं उत्तर या मशीनमध्ये नाही, अन्न श्वासनलिकेत जातंय का हे बघायला व्हिडिओफ्लुरोस्कोपी (गिळतानाचा एक्स-रे व्हिडिओ) मागा.