शहराला पर्यावरणाच्या स्पर्धेत उतरवताय? या चुका टाळा

'माझी वसुंधरा' या राज्य सरकारच्या पर्यावरण अभियानाचं टूलकिट, म्हणजे कामं आणि त्यांचे गुण सांगणारी पुस्तिका, हातात आलं की पहिली बैठक गुणांची बेरीज करण्यात जाते. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशी पाच तत्त्वं, प्रत्येकाखाली कामांची यादी. आणि कुणीतरी विचारतंच, "यातलं पटकन काय उरकेल?" या 'पटकन'ची मला खरोखर धास्ती आहे. ज्या शहरांनी तो शब्द धरला, तिथली झाडं पुढच्या उन्हाळ्यात मी वाळलेली पाहिली आहेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मूल्यमापन तोंडावर आल्यावर झाडं लावणं. अभियानाचं पहिलं पर्व २ ऑक्टोबर २०२० ते ३१ मार्च २०२१ असं होतं, ६८६ स्थानिक स्वराज्य संस्था त्यात उतरल्या होत्या. तारखा नीट पाहा. या सहा महिन्यांत अख्खा पावसाळा नाही. आमच्या नगरपरिषदेच्या नागरिक समितीत मी होतो, आणि फेब्रुवारीत आम्ही गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर सहाशे रोपं लावली. मुरमाड जमीन, ठेकेदाराने घाईत पाडलेले वीतभर खड्डे, पिशवीतली करंगळीएवढी रोपं. जिओटॅग फोटो मात्र चोख निघाले. पहिले काही दिवस टँकर आला. मग पिण्याच्या पाण्याची ओरड सुरू झाली आणि टँकर वस्त्यांकडे वळला, वळायलाच हवा होता.

मे महिन्यात मोजायला गेलो तर नऊ रोपं हिरवी. नऊही एका ओळीत, एका घरासमोर. तिथल्या आजी रोज भांडी धुतलेलं पाणी त्यांना घालत होत्या. मी विचारलं, "आजी, एवढीच कशी जगली?" त्या म्हणाल्या, "ही माझ्या दारातली. बाकीची कुणाच्या दारातली आहेत, सांग?" मला उत्तर देता आलं नाही. लावायच्या दिवशी आम्ही त्यांना हाकसुद्धा मारली नव्हती.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. खड्डे एप्रिल-मेमध्ये, दोन फूट लांब-रुंद-खोल, आणि ते उन्हात तापू द्यायचे. मग शेणखत, चांगली माती, पालापाचोळा. दोन दमदार पाऊस पडून ओल खाली उतरल्याशिवाय रोपाला हात लावायचा नाही. रोप कमरेच्या वर असावं. कडुलिंब, करंज, बहावा, जांभूळ, मोकळी जागा असेल तर वड-पिंपळ. प्रत्येक झाडापुढे वहीत एका घराचं नाव. ज्या झाडासाठी घर मिळालं नाही ते झाड त्या वर्षी लावायचंच नाही, मग आकडा साठावर थांबला तरी चालेल. आणि मोजणी पुढच्या जून महिन्यात, उन्हाळा काढलेल्या झाडांची. लावलेल्यांचा आकडा मी आता कुणाला सांगतच नाही.

दुसरी चूक याच मुळातून येते. लोकसहभाग ठेकेदाराकडून करून घेता येत नाही. मजूर लावून नाला साफ करायचा आणि शेवटच्या तासाला शाळेची मुलं टोप्या घालून उभी करायची, हे मी तीन शहरांत पाहिलंय. मुलांना सगळं कळतं हो. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेतली गावं आठवा. २०१६ साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीनच तालुक्यांत ती स्पर्धा सुरू झाली, कोरेगावातल्या वेळू गावाने पहिलं बक्षीस घेतलं. तिथे गावातली माणसं आधी प्रशिक्षणाला गेली, उताराची आखणी आणि पाणी अडवणारे समतल चर शिकली, मग पहाटे कुदळ-फावडं घेऊन माळावर आली. चर खोदलेल्या गावाला क्रमांक मिळो न मिळो, पाऊस पडल्यावर पाणी त्याच्या शिवारात मुरणार होतं. शहराच्या स्पर्धेतही काम निवडताना मी हेच बघतो, हरलो तरी या गल्लीला काय उरेल? उत्तर सुचत नसेल तर ते काम यादीतून काढतो.

नवख्यांची घाई मला कळते. पद नवं असतं, उत्साह असतो, शेजारच्या गावाचा क्रमांक डोळ्यांसमोर असतो. पण आधी एक महिना फक्त फिरा. किती जुनी झाडं आहेत, कुठल्या विहिरी बुजल्या, कचरा कुठे साठतो, हे लिहून काढा. सुरुवात कुठून केली हेच माहीत नसेल तर सुधारणा कशावरून सांगणार?

कचऱ्याबद्दल थोडं. आधी घंटागाडीत ओल्या-सुक्याचे कप्पे नीट करा, मग घरोघरी सांगायला जा. वेगळा करून दिलेला कचरा डोळ्यांदेखत एकत्र पडला की ती बाई दुसऱ्या दिवशी वेगळा करत नाही, आणि तिला पुन्हा तयार करायला वर्ष लागतं.

छतावरचं पाणी गाळणीशिवाय बोअरमध्ये सोडू नका. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर काढायला तोटी ठेवा.

मियावाकी, म्हणजे थोड्या जागेतलं दाट जंगल, लावायचं असेल तर दोन-तीन वर्षांचं पाणी आणि निंदणी आधी ठरवा.

झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक नेऊ नका, चारी बाजूंनी मीटरभर माती मोकळी सोडा. सुशोभीकरणाच्या नावाखाली जुन्या झाडांचा गळा आवळला जातो, ते बघवत नाही.

ई-शपथ, म्हणजे पर्यावरण जपण्याची ऑनलाइन शपथ, जरूर घ्या, पण शपथ घेणाऱ्याला त्याच वेळी एक काम द्या.

प्रभागांची आपसात स्पर्धा लावणार असाल तर जुनी दाट वस्ती आणि बंगल्यांची कॉलनी एका यादीत मोजू नका. बोळात राहणाऱ्या माणसाने झाड लावायचं कुठे? त्या वस्तीला कचरा, शोषखड्डे आणि नळगळतीवर गुण द्या.

बक्षिसाची रक्कम कुठे जाणार हे निकालाआधी प्रभागसभेत ठरवून लिहून ठेवा. आणि निकालानंतरच्या पहिल्या रविवारी जिंकलेल्या प्रभागाने बाकीच्यांना आपल्या गल्ल्या दाखवायच्या, हा नियम मी प्रत्येक ठिकाणी आग्रहाने घालतो. गेल्या वेळी त्या फेरीत शेवटच्या क्रमांकाच्या प्रभागातल्या बायकांनी कंपोस्टच्या टाक्या उघडून हात घालून पाहिल्या, आळ्या का झाल्या ते विचारलं, आणि जाताना पिशवीभर कंपोस्टचं विरजण मागून नेलं.