जामफलांसाठी बटाट्याच्या सत्त्वाचा लेप

माघ-फाल्गुनात नवा बटाटा स्वस्त झाला की इंदूरच्या मराठी घरांत वर्षभराच्या वेफर्सची आणि किसाची गडबड सुरू होते, आणि चकत्या धुतलेले पांढुरके पाणी मोरीत ओतले जाते. शहरातील ओल्या कचऱ्यापासून देवगुराडियाच्या प्रकल्पात गॅस तयार होतो. हे पाणी मात्र कचरागाडीपर्यंतही पोहोचत नाही. त्याच्या तळाशी बसणारे सत्त्व बहुतांशी स्टार्च असते. याच दिवसांत बाजारात जामफले, म्हणजे पेरू, असतात आणि त्या सत्त्वाचा पातळ लेप दिल्यास ती अधिक दिवस टणक राहतात.

हिरवट किंवा कोंब आलेल्या बटाट्यांत सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते, म्हणून ते आधीच बाजूला काढावेत. तुरटी किंवा मीठ घालण्यापूर्वीचे पहिल्या धुण्याचे पाणी गाळून तासभर न हलवता ठेवावे, वरचे पाणी अलगद ओतून टाकावे आणि स्वच्छ पाणी घालून सत्त्व पुन्हा बसू द्यावे. दोन-तीन वेळा असे केल्यावर ते खडूसारखे पांढरे दिसते आणि बोटांत दाबले की करकरते. मग ताटात पसरून कडक वाळवावे.

१ लिटर थंड पाण्यात २५ ग्रॅम सत्त्व कालवून मंद आचेवर सतत ढवळावे. साधारण ६० ते ७० अंशांवर ते दाट व पारदर्शक होऊ लागते; त्यानंतर आणखी दहा मिनिटे शिजवून खाली उतरवावे. त्यात खाद्य दर्जाचे ७ ग्रॅम ग्लिसरीन आणि अर्धा चमचा शेंगदाण्याचे तेल घालून रवीने नीट घुसळावे. ग्लिसरीन नसेल तर वाळलेला पापुद्रा तडकून सुटतो. तेलाकडे दुर्लक्ष करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. स्टार्च हवेतील ऑक्सिजन चांगला अडवतो, पण पाण्याची वाफ त्यातून सहज निसटते आणि फळ सुरकुतते. तयार लेप कपड्यांच्या पातळ खळीइतकाच असावा.

पहिल्या वर्षी मी सत्त्व दुप्पट घातले होते. फळे बाहेरून चकचकीत दिसत होती, पण चौथ्या दिवशी कापल्यावर त्यांना आंबूस, दारूसारखा वास आला. फळ तोडल्यावरही श्वसन करते. तो श्वास मंदावायचा असतो, कोंडायचा नसतो.

टणक, हिरवट-पिवळी आणि कुठेही न दबलेली जामफले निवडावीत. खराब होऊ लागलेले फळ लेपाने सुधारत नाही. ती धुऊन पूर्ण पुसावीत, थंड झालेल्या लेपात मिनिटभर बुडवावीत आणि जाळीवर पंख्याखाली बोटाला चिकटेनाशी होईपर्यंत वाळवावीत. लेप त्याच दिवशी संपवावा, कारण रात्रभरात स्टार्च आणि पाणी वेगळे होऊ लागतात. फळे पॉलिथिनच्या पिशवीत भरू नयेत आणि पावसाळ्यात हा प्रयोग टाळावा, कारण दमट हवेत पापुद्रा ओल धरतो व बुरशी येते. दोन फळे लेपाशिवाय ठेवून रोज वजन केल्यास फरक आकड्यांत दिसतो.

हा लेप घरच्या वापरापुरताच ठेवावा. विक्रीच्या फळांना लेप द्यायचा असल्यास अन्नसुरक्षेचे नियम आधी पाहावेत. खाण्यापूर्वी फळ कोमट पाण्यात चोळून धुवावे. थोडा लेप राहून पोटात गेला तरी अपाय होत नाही.