गिरणी-गोदामावर सोलर लावताय? या चुका टाळा

जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत आता जिकडे बघावं तिकडे छपरावर सोलरच्या प्लेटा दिसतात. डाळमिल, जिनिंग, चटईचे कारखाने, केळी पिकवायची चेंबर, दवाखाने, मंगल कार्यालयं, कोणी मागं राहिलेलं नाही. उन्हाची खान्देशाला कधीच वाण नव्हती; साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ पासून उगाच उभा नाही. पण दुसऱ्यानं करून ठेवलेलं काम निस्तरायला मला बोलावणं येतं ते दरवर्षी त्याच त्या कारणांसाठी, आणि प्लेटेच्या कंपनीशी त्यांचा क्वचितच संबंध असतो. मालक कोटेशन घेताना 'कोणत्या कंपनीची प्लेट' यावर तासभर हुज्जत घालतो. स्वतःच्या छपरावर मात्र एकदाही चढलेला नसतो.

मे महिन्यातला सर्व्हे

सोलरची चौकशी कधी वाढते? एप्रिल-मेचं बिल हातात पडलं की. म्हणजे सर्व्हे होतो मेअखेरीस, आणि पोरं येतात भर दुपारी, कारण सकाळी दुसरीकडे गेलेली असतात. जळगाव २१ अक्षांशावर आहे. २५ मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या थोडं आधी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत तर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. अशा वेळी टाकीच्या उत्तरेची जागा लख्ख उन्हात दिसणारच. पोरगा फोटो काढतो, 'शॅडो फ्री' लिहितो आणि खाली उतरतो.

तीच जागा डिसेंबरात बघा. २१-२२ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य ४५ अंशांच्या आसपासच चढतो. म्हणजे वस्तू जेवढी उंच तेवढीच लांब तिची सावली, आणि ती उत्तरेला. सकाळी साडेनवाला ती उंचीच्या जवळपास दुप्पट होते आणि वायव्येकडे पसरते.

जळगावातल्या एका व्यापारी संकुलाचं काम असंच माझ्याकडे आलं. गच्चीवर जिन्याची खोली, तिच्या डोक्यावर पाण्याची टाकी, मिळून पाचेक मीटर उंची. प्लेटा नेमक्या तिच्या उत्तरेला. उन्हाळाभर युनिट छान पडले, मालक खूश. दिवाळीनंतर आकडा उतरायला लागला तर लावणाऱ्यानं सांगितलं, "शेठ, थंडीत ऊनच कमी असतं." हे अर्धंच खरं. दिवस लहान असतो, पण आपल्याकडे थंडीत आभाळ निरभ्र असतं, प्लेटा गार राहतात, आणि दक्षिणेला कललेल्या प्लेटेला तो तिरपा सूर्य उलट मानवतो. खरे वाईट महिने जुलै-ऑगस्ट. मालकाचं समाधान होईना म्हणून कंपनीला कळवून इन्व्हर्टर (प्लेटांच्या डीसीची एसी वीज करणारं यंत्र) बदलला. आकडा तिथंच.

मी सकाळी गेलो, कारण अशा तक्रारीला दुपारी जाऊन उपयोग नसतो. टाकीची सावली पुढच्या दोन रांगांवर तिरकी आडवी पडली होती. दोन्ही रांगा वेगवेगळ्या स्ट्रिंगच्या (स्ट्रिंग म्हणजे एकीला एक जोडलेल्या प्लेटांची माळ), आणि दोन्ही स्ट्रिंग एकाच एमपीपीटीवर, म्हणजे प्लेटांतून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या इन्व्हर्टरच्या एकाच इनपुटवर, समांतर जोडलेल्या. नवख्यांना वाटतं, दोन प्लेटांवर सावली म्हणजे दोन प्लेटांचंच नुकसान. पण स्ट्रिंगमधल्या सगळ्या प्लेटांतून करंट एकच वाहतो. सावलीतल्या प्लेटेला बायपास डायोड (करंटला वळसा देणारा भाग) बाजूला काढतो खरा, पण मग त्या स्ट्रिंगचा व्होल्टेज शेजारच्या स्ट्रिंगशी जुळत नाही, आणि इन्व्हर्टर दोघांच्या मधलं काहीतरी धरून बसतो. सावली सरकते तसं ते गणित पुन्हा बिघडतं. इन्व्हर्टर बदलून टाकीची सावली हटत नसते.

तिथं सगळ्यात जास्त सावली खाणाऱ्या प्लेटा उचलून पश्चिमेच्या कठड्याजवळ नेल्या, आणि उरलेल्यांतल्या सकाळी झाकल्या जाणाऱ्या सगळ्या एका स्ट्रिंगमध्ये घेऊन तिला स्वतंत्र एमपीपीटी दिला. नुकसान शून्य झालं नाही, पण एका कोपऱ्यापुरतं राहिलं.

माझी सवय साधी आहे. टाकी, जिन्याची खोली, होर्डिंग, मोबाईल टॉवर, जे काही डोकं वर काढून असेल त्याची उंची मोजायची आणि खडूनं गच्चीवर रेघा ओढायच्या: उत्तरेला उंचीएवढी, वायव्येला आणि ईशान्येला दुप्पट. त्या रेघांच्या आत प्लेट नाही. मोबाईलवर सूर्याचा मार्ग दाखवणारी ॲप आहेत, मीही बघतो. पण खडूची रेघ मालकाला दिसते, आणि "अजून चार प्लेटा बसतील की" हा वाद जागेवरच मिटतो. वॉचमनलाही विचारा, थंडीत सकाळी तो कुठं ऊन खात बसतो आणि कपडे कुठं वाळत घालतो. सर्व्हेच्या पोरांपेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

पत्र्याला भोक पाडण्याची घाई

सावलीनं युनिट जातात, पत्र्यानं माल जातो.

एका डाळमिलच्या गोदामावर मे महिन्यात काम झालं, वॉटला सगळ्यात कमी भावात. स्क्रू मारले पत्र्याच्या खळग्यात, जिथून पाणी वाहतं. खाली पर्लिन (पत्रा पेलणारी आडवी पट्टी) आहे की नाही हे न बघता, रेल जिथं आली तिथं. ड्रिल मशीननं इतके आवळले की रबरी वॉशर पिळून बाहेर आलेले. भोकं पाडताना निघालेला लोखंडी कीस तसाच पत्र्यावर, कोणी झाडलाही नाही. तो गंजतो आणि पत्र्याचा रंग खाऊन टाकतो. उन्हाळाभर सगळं झाक. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी तुरीच्या थप्पीवर. मग तीच मंडळी सिलिकॉनच्या नळ्या घेऊन वर चढली आणि जिथं ओल दिसेल तिथं फासत सुटली. आपल्याकडच्या उन्हात असं वरवर फासलेलं सिलिकॉन फार दिवस धरत नाही. पुढच्या पावसाळ्यात गळती परत, फक्त जागा वेगळ्या.

पत्र्यावर भोक पाडायचं ते उंचवट्यावर, पर्लिन धरून, ईपीडीएम (उन्हात टिकणाऱ्या रबराच्या) वॉशरसह, आणि वॉशर चपटा होईल इतकंच आवळायचं. उंचवट्यावर छोट्या रेल बसवणार असाल तर खाली सीलची पट्टी हवीच. पत्र्यांचे जोड वरून घडी घालून केलेले असतील तर त्या घडीला क्लॅम्प लावा, भोकाचा प्रश्नच मिटतो. कीस रोज संध्याकाळी झाडायचा. आणि माझ्या कामावर एक नियम मोडत नाही: रेल बसल्या की प्लेटा चढवण्याआधी पाईपनं छपरावर पाणी सोडायचं, गोदामात एक माणूस मान वर करून उभा. प्लेटा बसल्यावर गळती शोधायची म्हणजे निम्मं काम उचकटावं लागतं. यात एक दिवस जातो. त्या दिवसासाठी कुरकुर करणाऱ्या ठेकेदाराला मी पुढचं काम देत नाही.

पत्राच पंधरा वर्षांचा जुना असेल तर आधी पत्रा बदला. प्लेटा पंचवीस वर्षांसाठी लावताय ना?

जुन्या जिनिंगवरचा सिमेंटचा पत्रा हा वेगळाच विषय. त्यावर प्लेटा लावायच्या नाहीत आणि फळी-दोर बांधल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. वरून तो मजबूत दिसतो आणि एका पावलात फुटतो. "काही नही व्हस भो" म्हणत बिनधास्त चालणारा गडी मी तिथल्या तिथं खाली उतरवतो, मग तो कितीही हुशार कारागीर असो.

वादळाचं म्हणाल तर रावेर-यावलच्या केळीवाल्यांना विचारा, मे-जूनचा वारा तासाभरात अख्खी बाग कशी आडवी करतो. स्लॅबवर नुसते ब्लॉक ठेवून स्ट्रक्चर 'टेकवणारे' हे विसरतात. कैची (छपराचा सांगाडा) आणि पर्लिन वजन पेलतील का, वाऱ्याचा वर उचलणारा जोर सोसतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कागदावर घ्या. फी प्रकल्पाच्या मानानं किरकोळ असते.

ऊन जास्त म्हणजे वीज जास्त?

नाही. प्लेटेवर लिहिलेले वॉट २५ अंशांचे असतात. भुसावळात मे महिन्यात पत्र्यावरची प्लेट ६५-७० अंशांपर्यंत तापते आणि दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के ताकद घटते. म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आसपास तिथंच गेली. म्हणून पत्रा आणि प्लेटेमध्ये वारा खेळेल इतकी फट ठेवा. इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर उघडा टांगू नका. तापला की तो स्वतःच उत्पादन कमी करतो आणि मालक म्हणतो, कंपनीनं फसवलं.

थंडीत उलटं होतं, व्होल्टेज वाढतो. उघड्या स्थितीत (लोड न जोडता) ४९.५ व्होल्टची प्लेट, अशा २२ एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे १,०८९. इन्व्हर्टरची मर्यादा १,१००. कागदावर बसलं. पण धुळ्यात जानेवारीच्या पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा तीच स्ट्रिंग ऊन पडताच ११४० च्या पुढे जाते. २० च्या वर मी जात नाही.

काटा उलटा आणि पॉवर फॅक्टर खाली

नेट मीटर (आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा) बसण्याआधी "जरा चालू करून बघू" हा मोह आवरा. काही मीटर बाहेर गेलेली वीजही आत आलेली म्हणून मोजतात. रविवारी गिरणी बंद, सोलर चालू, आणि महिनाअखेरीला बिल वाढलेलं.

दुसरी गोष्ट बहुतेकांना बिल आल्यावरच कळते. नेहमीच्या सेटिंगवर सोलर किलोवॅट देतं, पण मोटारींना चुंबकत्वासाठी लागणारी रिॲक्टिव्ह पॉवर महावितरणकडूनच येत राहते. मीटरवर किलोवॅट घटले आणि केव्हीएआर (रिॲक्टिव्ह पॉवरचं माप) तेवढेच, म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला कामाच्या विजेचा वाटा) कोसळला. डाळमिलमध्ये सगळा मोटारींचाच पसारा, तिथं हे हमखास. सोलर सुरू होण्याआधी ही रिॲक्टिव्ह पॉवर जागेवरच पुरवणाऱ्या कॅपॅसिटर पॅनलची क्षमता आणि त्याच्या सीटीची (करंट मोजणाऱ्या कॉइलची) जागा तपासून घ्या. सीटी सोलरच्या जोडणीच्या चुकीच्या बाजूला राहिली की पॅनलला काही कळतच नाही.

जनरेटर असेल तर सोलरशी त्याचं नियंत्रण आधी ठरवा, नाहीतर कमी लोडवर वीज उलटी जनरेटरमध्ये घुसते. आणि लाईट गेली की साधं ग्रीडवालं सोलर बंद पडतं, लाईनमनच्या जिवासाठी. हे मालकाला सही घेण्याआधी सांगा.

बाकीचं थोडक्यात

एमसी-४ कनेक्टर (प्लेटांच्या वायरी जोडणारे) दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत खुपसू नका, आणि पक्कडीनं तर मुळीच दाबू नका. छपरावरच्या आगी बहुधा तिथूनच लागतात.

पांढऱ्या केबल टाय आपल्या उन्हात वर्षभरात तुटून पडतात.

डीसी, एसी आणि वीजरोधक (आभाळातली वीज जमिनीत उतरवणारा) यांची अर्थिंग वेगवेगळी घ्या आणि ओहम मे महिन्यात मोजा, काळी जमीन भेगाळलेली असते तेव्हा. पावसाळ्यात सगळ्यांचंच रीडिंग छान येतं.

पीएम सूर्यघरचं अनुदान घरांसाठी आहे. गिरणीला ते मिळवून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. धंद्यासाठी फायदा आहे तो आयकरातल्या ४० टक्के घसाऱ्याचा, तो सीएला विचारा.

धुण्याचं तेवढं नीट ऐका. जिनिंगच्या हंगामात कापसाची तूस प्लेटेच्या खालच्या कडेला चिकटते, दव पडलं की तिचा थर होतो, आणि प्लेटेचा वरचा भाग स्वच्छ दिसत असतानाही खालची ओळ झाकलेली राहते. डाळमिलवर टरफलाच्या भुकटीचं तेच. बोअरचं जड पाणी मारून उन्हात वाळू दिलं की क्षारांचे पांढरे डाग बसतात, ते नंतर निघता निघत नाहीत. तापलेल्या काचेवर भर दुपारी गार पाणी तर नकोच. पहाटे धुवायचं, मऊ पाण्यानं, लांब दांड्याच्या ब्रशनं, प्लेटेवर पाय न देता. यासाठी दोन रांगांमध्ये माणूस जाईल एवढी वाट आणि छपरावर पाण्याचा नळ लागतो. दोन्ही कोटेशनमध्येच लिहून घ्या, कारण काम संपल्यावर त्या नळासाठी ना ठेकेदार परत येतो, ना मालक वेगळा प्लंबर बोलावतो.