जुना ऑइलपेंट काढायचाय आणि घरात लहान मूल आहे?

घरगुती रंगात शिसे 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त नको, हा नियम भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधी दारे, खिडक्या, ग्रिल यांना लावलेल्या ऑइलपेंटमध्ये शिसे आहे असेच धरून चाला. पिवळा, केशरी, हिरवा असे भडक रंग असतील तर जास्तच जपा. त्यांत लेड क्रोमेट हे शिशाचे रंगद्रव्य वापरायचे. चुन्याच्या सफेदीत सहसा ही भीती नसते, पण तिच्याखाली जुना ऑइलपेंटचा पट्टा दडलेला नाही ना, ते पाहून घ्या.

रंग धड असेल तर तो काढूच नका. ओल्या फडक्याने पुसून वरून नवा हात द्या. पोपडे सुटत असतील, किंवा दार चौकटीला घासून भुकटी पडत असेल, तेवढाच भाग काढा.

काम सुरू होण्याआधी मुलांना आणि घरात गरोदर बाई असेल तर तिलाही दुसरीकडे पाठवा. शेजारच्या खोलीत ठेवून भागत नाही. खोलीतले अंथरूण, खेळणी, भांडी बाहेर काढा, पंखा बंद करा, जमिनीवर भिंतीपासून किमान सहा फुटांपर्यंत जाड प्लास्टिक चिकटपट्टीने घट्ट बसवा.

आता मुख्य गोष्ट: कोरडे घासायचे नाही. रंगारी घाईत कोरडा पॉलिश पेपर मारतात किंवा ब्लोलॅम्पने रंग जाळतात. घासल्याने बारीक धूळ उडते, जाळल्याने शिशाचा धूर होतो. स्प्रेच्या बाटलीने पाणी मारून पृष्ठभाग भिजवा, ओलाच खरवडा, वॉटर पेपरने ओलाच घासा, वाळू लागला की पुन्हा पाणी मारा. वेळ दुप्पट लागेल, लागू द्या. काम करणाऱ्याने एन-95 मास्क लावावा. रुमाल बांधून उपयोग नाही.

झाडू आणि साधा व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही टाळा, बारीक धूळ त्यांनी परत हवेत जाते. प्लास्टिक आतल्या बाजूला गुंडाळून पिशवीत बांधा. फरशी, खिडकीच्या खाचा, कट्टे साबणाच्या पाण्याने पुसा. दोन बादल्या घ्या, एक साबणाची, एक फडके खळबळायला. पाणी वारंवार बदला. कामाचे कपडे वेगळे धुवा.

एवढी काटेकोरी कशासाठी? रांगणारे मूल हात सतत तोंडात घालते, आणि पोटात गेलेल्या शिशाचा मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त वाटा त्याच्या रक्तात उतरतो. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. मेंदूला झालेली इजा बहुधा भरून निघत नाही. सुरुवातीला लक्षणे दिसतातच असे नाही. चिडचिड, पोटदुखी, बद्धकोष्ठ, फिकटपणा दिसला तरी ते जंतांवर ढकलले जाते.

मूल त्या धुळीत वावरले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना सांगून शिरेतल्या रक्ताची शिशासाठी चाचणी करा. बोट टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळून आकडा फुगू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शनानुसार दर डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आले, तर शिसे कुठून येते ते शोधून बंद करावे. 45 किंवा त्यावर गेले, तर दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना शिसे बाहेर काढणारे औषध द्यावे लागते, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.