कूलर खाली काढताय? आधी लेकरांसाठी एवढं करा

नागपुरात मार्च लागला की माळ्यावरचे कूलर खाली येतात. लेकरांच्या उन्हाळ्याची तयारी तिथूनच सुरू करा. पत्र्याची बॉडी, आत पाणी, खाली ओली फरशी आणि अनवाणी पाय. पंपाच्या वायरीचं आवरण झिजलं की करंट थेट बॉडीत उतरतो. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. जीव घ्यायला एका अँपियरचा दहावा हिस्साही पुरतो, आणि १६ अँपियरचा एमसीबी तेवढ्या करंटला पडतच नाही. त्यासाठी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. प्लग तीन पिनचाच हवा, आणि घरात अर्थिंग खरंच आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसा.

टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासा, वाळवा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.

ओआरएसची (पाण्यात कालवून द्यायच्या मीठ-साखरेच्या पावडरची) चार-पाच पाकिटं घरात असू द्या. लिटरचं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच, एकदम. अर्ध्या ग्लासात घट्ट कालवलं तर जुलाब वाढतात. उरलेलं २४ तासांनी फेका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको, अंगावरचं दूध जास्त वेळा पाजा. मोठ्या मुलांना तहानेची वाट न पाहता पाणी द्या. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय असं समजा.

बंद गाडीत पाच मिनिटंही मूल ठेवू नका.

मूल बरळू लागलं, झटके आले, अंग भाजल्यासारखं तापलं तर १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका: सावली, कपडे सैल, अंगभर पाणी, वर पंखा. पॅरासिटामॉलनं हा ताप उतरत नाही, कारण तो जंतूंमुळे आलेला नसतो. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका.

जूनमध्ये ढग आले की हवा दमट होते, कूलर गार करेनासा होतो, घाम वाळत नाही. तेव्हा खिडकी उघडी ठेवा, नाहीतर घरातच वाफ कोंडते.

नाग नदी किंवा नाल्याकाठी राहत असाल तर जूनमध्येच मुलांची कागदपत्रं, औषधं आणि टॉर्च एका पिशवीत बांधून उंचावर ठेवा. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी झोपेतल्या घरांत शिरलं होतं. पाणी सॉकेटपर्यंत चढण्याआधी मेन स्विच बंद करायचा असतो. तो कुठे आहे, हे घरातल्या मोठ्या मुलालाही दाखवून ठेवा.